‘व्यावसायिक अर्हता’ : एक अर्थविचार

वैद्यकीय शिष्यवृत्तींच्या नियमांतील ‘व्यावसायिक अर्हता’ या शब्दप्रयोगाने पदवी अभिप्रेत आहे की व्यवसायाचा अधिकार? पदवी विद्यापीठ देते. अधिकार वैद्यक परिषदेच्या नोंदणीने मिळतो. अंतिम परीक्षा उत्तीर्ण होऊन आंतरवासिता करणाऱ्याच्या हाती पदवी नसते व नोंदणीही तात्पुरतीच असते. डॉ. भाऊ दाजी लाड 1851 साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून उत्तीर्ण झाले, तेव्हा मुंबई विद्यापीठच नव्हते. ‘विद्यापीठाची पदवी’ ही अट अक्षरशः लावल्यास तेही अपात्र ठरते! रत्नागिरीस 2023 साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थी उद्या असे अर्ज भरतील. शब्दशैथिल्याचा भुर्दंड त्यांनी का सोसावा? अर्थ हेतूवरून लावावा : अध्ययनास अंतिम परीक्षा पुरेशी, रुग्णोपचारास मात्र कायम नोंदणी आवश्यक, असे आम्हांस वाटते.