समाजी की श्मुएल?

विशेषनामाचे भाषांतर होत नाही, असा समज रूढ आहे. नाम केवळ निर्देश करते. त्याचे लिप्यंतर करावे आणि पुढे जावे. परंतु कोकणातील बेने इस्राएल समाजाची मराठी नावे हिब्रूत न्यावयाची झाली, म्हणजे हा समज अपुरा पडतो. कारण ही नावे मुळात हिब्रूतूनच मराठीत आलेली आहेत.

कंपनीच्या सैन्यातील अधिकारी समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी येथे 'शाआर हारहमीम', अर्थात 'दयेचे द्वार', हे प्रार्थनामंदिर उभारले. इंग्रजी लेखनात हेच गृहस्थ सॅम्युएल इझिकेल दिवेकर होतात. हिब्रूत ते होतील 'श्मुएल बेन येहेझकेल'. 'बेन' म्हणजे पुत्र. मराठीतही स्वतःच्या नावामागून पित्याचे नाव येते; तेव्हा मूळ रूप परत द्यावे, हे भाषांतरकाराला सोयीचेच वाटणार. मात्र या सोयीत 'जी' गळून पडतो. शिवाजी-कान्होजींच्या पंक्तीत त्या पुरुषाला बसविणारा हा प्रत्यय म्हणजे या समाजाच्या कोकणातील दीर्घ वास्तव्याची खूण होय.

'हसाजी' हा अपभ्रंश म्हणून टाकणेही न्याय्य नाही. 'येहेझकेल'मधील कंठ्य 'ह' ग्रीक-लॅटिनच्या वाटेने आलेल्या 'इझिकेल'मध्ये लोपला. 'हसाजी'मध्ये 'ह' ऐकू येतो. उलटपक्षी 'श्मुएल'मधील 'श' मात्र 'समाजी'त उरलेला नाही. म्हणून मराठी रूप मुळाशी अधिक निष्ठ आहे, असा दावा करता येणार नाही. ते एक स्वतंत्र रूप आहे, एवढेच खरे.

मग केवळ ध्वनी उतरवावा काय? हिब्रूत गिमेल अक्षराला खूण जोडून 'ज' लिहिता येतो. पण 'पेणकर'मधील 'ण'ला तेथे अक्षर नाही, आणि नित्याच्या लेखनात बहुतेक स्वरचिन्हे गाळली जातात. शिवाय अशा 'समाजी'त हिब्रू वाचकाला श्मुएल ओळखूच येणार नाही. एका मार्गाने कोकण हरवते, दुसऱ्याने नाते हरवते.

यावर निर्णय एकाच प्रश्नाने व्हावा: संहितेत त्याला हाक कोण मारीत आहे? प्रार्थनेत आणि विवाहलेखात तो श्मुएल बेन येहेझकेल. घरात, गावात आणि पलटणीत समाजी हसाजीच. दोन्ही रूपांची ओळख आरंभी एकदा करून दिली, की वाचकाचा घोटाळा होत नाही.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलात गेली. तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. स्वदेशी परतल्यावरही मराठी टाकून न देणाऱ्या या लोकांची नावे भाषांतरकाराने 'शुद्ध' करून घ्यावीत, हे विपरीत होय. अशी शुद्धी म्हणजे कोकणातील त्यांचे शतकानुशतकांचे जीवन ही केवळ एक चूक होती, असा मूक निवाडाच ठरतो. तो देण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही.