‘मम’ म्हणण्याआधी : एका पडद्याची समीक्षा

समीक्षा म्हटलं की आपल्यासमोर कादंबरी येते, नाटक येतं, फार तर सिनेमा. आज आम्ही ज्या मजकुराबद्दल बोलणार आहोत, तो तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे, पण वाचलेला फार थोड्यांनी असेल. संगणकात यूएसबीवरून नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना शेवटी शेवटी खासगीपणाचे प्रश्न विचारणारा एक पडदा येतो. तो आज आपण वाचायचा आहे.

आजच का? कारण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. जुन्या यंत्रांत ती बरेचदा नसते, किंवा असूनही बंद असते. त्यामुळे घराघरांत पेन ड्राइव्ह बाहेर निघालेत. कोणी विंडोज ११ टाकतंय, कोणी लिनक्सकडे वळतंय. म्हणजे हा पडदा सध्या भरपूर लोकांसमोर येतोय.

आता वाचायला घेऊ. सुरुवात पेन ड्राइव्हपासून. किमान ८ जीबीचा हवा. त्यावर इन्स्टॉलर चढवायला गेलात की यंत्र बजावतं, यावरचं सगळं पुसलं जाईल. मग संगणक बंद करून चालू करायचा, एफ-१२ किंवा एफ-९ किंवा एस्केप, ज्या कंपनीची जी कळ असेल ती दाबायची आणि यूएसबीवरून सुरू करायचं. पुढे डिस्कचे भाग दिसतात. त्यातला एखादा काढून टाकायला गेलात की पुन्हा इशारा. यात महत्त्वाच्या फायली असू शकतात, त्या जातील, नक्की ना? हे योग्यच आहे. लग्नाचे फोटो असतात, पीएच.डी.चा प्रबंध असतो. चुकून बोट पडलं तर गेलं सगळं.

ही भाषा लक्षात ठेवा. माहिती पुसली जाणार असेल तेव्हा यंत्र घाबरवतं, थांबवतं, पुन्हा विचारतं. आणि तीच माहिती घराबाहेर जाणार असेल तेव्हा?

तेव्हा सूर बदलतो. विंडोज ११मध्ये हा पडदा येतो तोवर आपण देश निवडलेला असतो, वायफायचा पासवर्ड दिलेला असतो, मायक्रोसॉफ्टचं खातं उघडलेलं असतं. अर्धापाऊण तास गेलेला असतो. मग सहा मुद्दे समोर येतात : तुमचं ठिकाण, हरवलेलं यंत्र शोधणं, निदानासाठीची माहिती, लेखन आणि टंकन, तुमच्या वापरावर बेतलेल्या सूचना, आणि जाहिरातींसाठीचा ओळखक्रमांक. प्रत्येकापुढे एक खटका. आणि आपल्याकडे साधारणपणे हे सगळे खटके आधीच ‘हो’च्या बाजूला असतात. खाली ठळक बटण, स्वीकारा.

इथे मजकुराची रचना बघा. चुकीचं एकही वाक्य नाही. काही ठिकाणी तर प्रामाणिकपणा आहे : जाहिरातींचा क्रमांक बंद केलात तर जाहिराती कमी होणार नाहीत, फक्त तुमच्याशी कमी जुळतील, असं तिथेच सांगितलेलं असतं. दाद द्यायला हवी. पण क्रम असा आहे की मिळणाऱ्या सोयी आधी, जाणारी माहिती नंतर. ‘हो’ म्हणायला काहीच करावं लागत नाही, ‘नाही’ म्हणायला सहा वेळा हात हलवावा लागतो. आणि निदान-माहितीच्या खटक्यात तर ‘काहीच पाठवू नका’ असा पर्यायच नाही. होम आणि प्रो या आवृत्त्यांत निवड आहे ती ‘आवश्यक तेवढी’ की ‘आवश्यक अधिक ऐच्छिक’ एवढीच. पूर्ण बंद करायची मुभा मोठ्या संस्थांसाठीच्या आवृत्त्यांना.

आपल्याकडे याला एक जुना शब्द आहे. पूजेला बसलं की गुरुजी संकल्प सांगतात, भराभर, संस्कृतात. मध्येच थांबून म्हणतात, म्हणा, मम. यजमान म्हणतो, मम. कसला संकल्प सोडला ते त्याला ठाऊक नसतं, पण सोडला त्यानेच. या पडद्यावर आपण तेच करतो. फरक एवढाच की गुरुजींना आपण घरी बोलावलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, याला काही इलाज नाही, कंपन्या असंच वागणार. इतिहास वेगळं सांगतो. २९ जुलै २०१५ला विंडोज १० आलं तेव्हा हे खटकेसुद्धा समोर नव्हते. ‘एक्सप्रेस सेटिंग्ज’चं मोठं बटण होतं, आणि स्वतः निवडायचं असेल तर कोपऱ्यात बारीक अक्षरांतला एक दुवा. जुलै २०१६मध्ये फ्रान्सच्या डेटा संरक्षण संस्थेने, क्निलने, कंपनीला दिलेली नोटीस जाहीर केली की तुम्ही गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा करता. एप्रिल २०१७च्या क्रिएटर्स अपडेटमध्ये ते एक्सप्रेस बटण गेलं आणि एकेका मुद्द्याचे खटके आले. जूनमध्ये क्निलने ते प्रकरण मिटवलं. म्हणजे आज आपण ज्या पडद्यावर टीका करतोय, तोच मुळात आधीच्या टीकेतून जन्मलेला आहे. आणि १ ऑक्टोबर २०१९ला युरोपीय न्यायालयाने, कुकीजच्या एका खटल्यात, स्पष्ट केलं की आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे.

लिनक्सवाले सभेत असतील तर ते आता खूश होतील. थोडं थांबा. २०१२च्या उबुंटू १२.१०मध्ये आपल्या संगणकातलं काही शोधायला गेलं की ते शब्द कंपनीच्या सर्व्हरकडे जायचे आणि निकालांत अॅमेझॉनच्या वस्तू यायच्या. बरीच ओरड झाली, आणि १६.०४पासून ते मुळातच बंद ठेवलं गेलं. २०१८च्या १८.०४मध्ये पुन्हा एक पडदा आला, यंत्राची माहिती पाठवू का, आणि खूण ‘हो’वर. पण एक गोष्ट त्यांनी चांगली केली. नक्की काय जाणार आहे तो अहवाल तिथेच उघडून बघता येत होता.

आमच्या मते या प्रकारातला सर्वांत सरळ प्रश्न डेबियनचा आहे. कोणती पॅकेजेस वापरली जातात याच्या पाहणीत भाग घ्यायचा का, एवढंच विचारतात, आणि उत्तर आधीच ‘नाही’वर असतं. निमूटपणे पुढे गेलात तर काही जात नाही. ज्याला मदत करायची तो मुद्दाम ‘हो’ म्हणतो. त्यामुळे आकडे कमी मिळतात हे खरं. पण मिळतात ते दिलेले असतात, काढून घेतलेले नसतात.

याची दुसरी बाजूही मांडू. ही माहिती निरुपयोगी नाही. एखाद्या ड्रायव्हरमुळे हजारो यंत्रं बंद पडत असतील तर ते बनवणाऱ्याला कळायलाच हवं. ठिकाण चालू ठेवलं तरच हरवलेला लॅपटॉप नकाशावर सापडतो. आमचा आक्षेप माहिती मागण्याला नाही. माणूस दमलेला असताना, उत्तर आधीच भरून ठेवून मागण्याला आहे.

आता आपल्या घरची गोष्ट. आपण म्हणतो, ‘फॉरमॅट मारून दे’, ‘विंडोज टाकून दे’. कोणाला म्हणतो? गल्लीतल्या दुकानातल्या मुलाला, नाहीतर पुतण्याला. त्याच्यापुढे अजून चार यंत्रं पडलेली असतात. तो पुढे, पुढे, स्वीकारा असं दाबत जातो. त्याची चूक नाही, त्याला पैसे यंत्र चालू करून देण्याचे मिळतात. पण संमती कोणाची झाली? काकू यंत्र घरी नेतात, आणि त्यांच्या नावाची सहा उत्तरं त्यांनी पडदा बघण्याआधीच दिलेली असतात. जमिनीच्या दस्तात आपण लिहितो, राजीखुशीने, अक्कलहुशारीने लिहून दिला. इथे राजीही दुसऱ्याची आणि हुशारीही.

आणि भाषा? विंडोजला मराठी चढवता येते, पण नंतर, वरून. जी फाइल यूएसबीवर घेऊन आपण सुरुवात करतो, तिच्या भाषांच्या यादीत मराठी नाही. म्हणजे नेमका संमतीचा पडदा इंग्रजीत. डेबियनच्या चित्रमय इन्स्टॉलरमध्ये मात्र मराठी पहिल्याच यादीत निवडता येते, आणि ते काम करणाऱ्या स्वयंसेवकांचे आभार कोणीतरी जाहीरपणे मानायला हवेत. आम्ही आज मानतो.

२४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, आणि ती स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. ती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्यायही हवा. मराठी त्या अनुसूचीत आहे. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे. तेव्हा या पडद्याचं काय होतं, ते बघायचं.

तोवर काय करायचं? एवढंच. आज घरी गेल्यावर सेटिंग्ज उघडा, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये जा. जाहिरातींचा क्रमांक बंद करा. ‘डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक’मध्ये ऐच्छिक माहिती बंद करा; आजवर गेलेली पुसायला सांगायचं बटणही तिथेच खाली आहे. ठिकाण मात्र विचार करून ठरवा. लॅपटॉप घेऊन फिरत असाल तर चालू ठेवण्यात शहाणपण असू शकतं. सगळं बंदच करा असं आम्ही म्हणत नाही. उत्तर तुमचं असू द्या.

आणि पुढच्या वेळी यंत्र दुकानात दिलंत तर त्या मुलाला एक सांगा : बाळा, तो प्रश्नांचा पडदा आला की तिथे थांब, पुढचं मी दाबेन. दोन मिनिटं लागतील. तो हसेल कदाचित. हसू दे.