शब्दांवेगळे गाणे : प्रायोगिक रॉकची पियानोरूपे आणि नाट्यपदांचे एकल पेटीवादन

सारांश

ध्वनिमुद्रणगृहात घडलेले प्रायोगिक रॉक गीत एकट्या पियानोवर आणणे आणि रंगभूमीवर गाजलेले नाट्यपद एकट्या हार्मोनियमवर वाजविणे, या दोन व्यवहारांत वरवर काहीच साम्य दिसत नाही. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : शब्द, कंठ आणि वाद्यमेळ वजा केल्यावर गाण्याचे काय उरते? रेडिओहेड या इंग्लिश रॉक समूहाच्या गीतांची पियानोरूपे आणि मराठी नाट्यपदांचे पेटीवादन यांच्या तुलनेतून रूपांतराच्या मूल्यमापनाचा निकष शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : रूपांतर, पियानो, हार्मोनियम, नाट्यपद, प्रायोगिक रॉक, गायकी अंग

प्रास्ताविक

पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या गावी पियानो सहसा दृष्टीस पडत नाही. पेटी मात्र भजनी मंडळापासून शाळेच्या प्रार्थनेपर्यंत सर्वत्र असते, आणि विद्यार्थ्यांच्या हाती आता ‘कॅसिओ’ या नावाने ओळखला जाणारा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला आहे. या कीबोर्डवर गाणे ‘बसविणे’ म्हणजे चाल जशीच्या तशी पट्ट्यांवर उतरविणे, अशी समजूत रूढ झाली आहे. युवक महोत्सवांसाठी विद्यार्थ्यांची तयारी करून घेणाऱ्या प्राध्यापकांना ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे ठरते. कारण गाण्याचे रूपांतर हे स्वतंत्र कलाकर्म आहे आणि त्याची स्वतःची शिस्त आहे.

पाश्चात्त्य परंपरेत ही शिस्त जुनी आहे. फ्रान्झ लिस्टने बेथोव्हनच्या नऊही सिंफनी एकट्या पियानोसाठी लिहिल्या. तो संग्रह 1865 मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे वाद्यवृंद पोहोचत नव्हता तेथे सिंफनी पोहोचविणे हे या कामाचे एक प्रयोजन होते. शूबर्टची गीते पियानोवर आणताना मात्र लिस्टने मूळ शब्द स्वरलिपीसोबत छापले जावेत असा आग्रह धरला. वादकाने शब्द उच्चारायचे नसले तरी ते त्याला ठाऊक असलेच पाहिजेत, ही दृष्टी त्यामागे आहे. आपल्याकडे ‘गायकी अंग’ या संज्ञेने जे सुचविले जाते, त्याच्या ती फार जवळ जाते.

वाद्याची मर्यादा आणि रूपांतराची दिशा

पियानोत हातोडी तारेवर आघात करते आणि स्वर उमटताक्षणीच विरू लागतो. उमटलेला स्वर पुढे वाढविता येत नाही. हार्मोनियमची गोष्ट उलटी आहे. भात्यात हवा आहे तोवर स्वर टिकतो, भात्याच्या दाबाने तो लहानमोठाही करता येतो. दोन्ही वाद्यांना मींड मात्र घेता येत नाही, आणि दोन्हींवर सप्तकाचे बारा ठरीव भाग पडलेले असतात. याच कारणावरून पेटीवर टीका झाली. दिल्ली आकाशवाणीवरील पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख जॉन फाउल्ड्स यांनी 1938 मध्ये या वाद्यावर लेखणी चालविली आणि 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केले. साथीपुरते ते उघडण्यासाठी 1971 साल उजाडावे लागले.

तीन दशकांच्या या बहिष्कारानेही महाराष्ट्रातील पेटी थांबली नाही. नाट्यगृहात आणि मैफलीत ती वाजत राहिली. कणस्वर, मुर्की, दोन पट्ट्यांमधील क्षणिक गुंफण आणि भात्याचे नियंत्रण यांच्या आधारे वादकांनी मींडेचा आभास निर्माण केला. वाद्याची उणीव वादकाला निवड करावयास भाग पाडते आणि या निवडीतूनच रूपांतराची शैली आकाराला येते.

रेडिओहेडची गीते पियानोवर

रेडिओहेडच्या ‘ओके कॉम्प्युटर’ (1997) आणि ‘किड ए’ (2000) या संग्रहांत गीताचा आशय चालीपेक्षा ध्वनीच्या पोतात अधिक साठविलेला आहे. गिटारचा विकृत नाद, यंत्रातून कापून-जोडून आलेला कंठ, एकावर एक चढविलेले थर, हे सर्व तेथे रचनेचेच घटक आहेत. अशा गीतातून पियानोने काय उचलावे?

अमेरिकन पियानोवादक क्रिस्टोफर ओ’रायली यांनी ‘ट्रू लव्ह वेट्स’ (2003) आणि ‘होल्ड मी टू धिस’ (2005) या संग्रहांत या प्रश्नाला अभिजात पियानोपरंपरेतून उत्तर दिले. गायकाची चाल, गिटारच्या स्वरावली आणि बेस यांना एकाच वेळी दहा बोटांत सामावून घेण्याकडे त्यांचा कल आहे. ‘लेट डाउन’ या गीतात ही रीत विशेष फळते. मुळातच तेथे तुटक स्वरांच्या गिटार-आकृती चार मात्रांच्या लयीवर पाचाच्या हिशोबाने फिरतात. स्वर सुटा सुटा उमटविणे हा पियानोचा स्वभाव असल्याने ही वीण त्यावर अधिकच स्पष्ट होते.

‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’ या गीताची गोष्ट निराळी आहे. थॉम यॉर्क यांनी ते प्रथम पियानोवर रचले होते. नंतर ते सिंथेसायझरवर गेले आणि कंठाचे तुकडे करून त्यात पेरले गेले. दहा मात्रांचे त्याचे आवर्तन आपल्या कानांना झपतालाची आठवण करून देईल, जरी त्याची विभागणी वेगळी असली तरी. पियानोवर परत येताना हे गीत एका अर्थाने मूळ घरी परतते. परंतु यंत्राने माणसाचा आवाज गिळून टाकण्याची जी अस्वस्थता ध्वनिमुद्रणात होती ती या परतीत हरवते. उरतो तो सुंदर स्वरसंवाद. ओ’रायली यांच्या रूपांतरांवर घ्यावयाचा मुख्य आक्षेप हाच आहे : त्यांचा भरगच्चपणा मुळातील रितेपणाला जागा ठेवत नाही.

ब्रॅड मेल्डाऊ या जॅझ पियानोवादकाने दुसरा मार्ग धरला. ‘लाइव्ह इन टोकियो’ (2004) या संग्रहात ‘पॅरानॉइड अँड्रॉइड’ हे सुमारे साडेसहा मिनिटांचे गीत ते एकट्याने वीस मिनिटांच्या आसपास वाजवितात. मूळ गीत परस्परांशी न जुळणाऱ्या तुकड्यांचे आहे. मेल्डाऊ प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे खुलवितात, त्यामुळे त्यांच्यातील ताण लोपत नाही. येथे तपशिलाशी इमान कमी आहे, पण रचनेच्या गाभ्याशी ते अधिक आहे.

नाट्यपद आणि पेटी

मराठी नाट्यपदाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण नाट्यपद हेच मुळात रूपांतर असते. गोविंदराव टेंबे (1881–1955) यांनी ‘मानापमान’साठी (1911) ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या चाली योजल्या. भास्करबुवा बखले यांनी ‘स्वयंवर’साठी (1916) रागदारी बंदिशींचा आधार घेतला. म्हणजे बंदिशीचे पद झाले आणि पेटीवादक त्या पदातून पुन्हा शब्द काढून घेतो. येथे एक धोका संभवतो. वादकाने रागविस्ताराचा मोह धरला तर पद नाहीसे होऊन केवळ राग शिल्लक राहतो. उलट चाल तेवढी गिरविली तर पदाचा सांगाडा हाती येतो.

पदाला पदपण देणारी गोष्ट कोणती, हे ओळखण्यात वादकाची परीक्षा आहे. बालगंधर्वांच्या (1888–1967) गायनात ती गोष्ट शब्दांच्या उच्चारणात, एखाद्या अक्षरावरील ठेहरावात आणि ओळ संपविण्याच्या लडिवाळ पद्धतीत होती. टेंबे स्वतः नाटककंपनीत वावरलेले, पदांचे कर्ते आणि पेटीवादक होते. त्यांच्या परंपरेत पेटीने गायकाचा श्वास ऐकणे अपेक्षित होते. पी. मधुकर यांनी एकल पेटीवादनाला लोकप्रियता मिळवून दिली; त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर (1934–2018) यांनी ही वाट पुढे नेली. पु. ल. देशपांडे (1919–2000) यांच्या पेटीप्रेमामागेही नाट्यपदांची गोडी होती. या धारेत द्रुत बोटकामाचे आकर्षण आहेच. पण चांगले वादन वेगाच्या ऐन भरातही अक्षर कोठे पडते याचे भान ठेवते. शब्द उच्चारला जात नाही, तरी त्याचे वजन स्वरावर राहते.

याच ठिकाणी श्रोत्याचा वाटा लक्षात घ्यावा लागतो. नाट्यपदे ऐकत वाढलेला श्रोता पेटी ऐकताना मनात शब्द गात असे; वादकाची अर्धी कामगिरी त्याची स्मृतीच पार पाडी. आजच्या अनेक विद्यार्थ्यांना ही पदे ठाऊक नाहीत. त्यांच्यापुरता पेटीचा स्वर उघडा पडतो आणि उसन्या स्मृतीवर उभे असलेले वादन कोसळते. ओ’रायली यांचा श्रोताही बहुतांशी मूळ गीत जाणणाराच असतो. मेल्डाऊ यांचे वादन मात्र मूळ न ऐकलेल्यालाही धरून ठेवते, कारण त्यातील ताण वादनातच घडतो.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष संभवतात. एक, रूपांतरकाराने प्रथम मूळ गीतातील अर्थवाहक घटक शोधावा लागतो. तो कधी चालीत, कधी लयीत, कधी उच्चारात, तर कधी निव्वळ ध्वनीच्या पोतात असतो. दोन, वाद्याला जे जमत नाही त्याची नक्कल करण्यापेक्षा त्याच्या स्वभावातून पर्याय उभा करणे अधिक फलदायी असते. तीन, श्रोत्याच्या स्मृतीवर सर्व भार टाकणारे रूपांतर त्या पिढीबरोबरच संपते.

महाविद्यालयीन स्पर्धांत कीबोर्डवरील तयार ठेक्याला आणि वेगाला जी दाद मिळते ती या निकषांवर टिकणारी नाही. विद्यार्थ्याला गाणे बसवावयास सांगण्यापूर्वी ते शब्दांसह गावयास लावणे आणि त्यातून काय वगळणार हे त्याच्याकडून वदवून घेणे, एवढी साधी शिस्तही पुष्कळ काम करील. ज्याला काय वगळले हे सांगता येते, त्यालाच आपण काय राखले हे वाजविता येते.