अनुवादित चाचणी आणि परके मानदंड

मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत प्रयोग, निरीक्षण, मुलाखत, व्यक्ती-अभ्यास अशा अनेक संशोधन पद्धती येतात. लघुप्रबंध मात्र बहुधा प्रश्नावलीवरच उभे राहतात. इंग्रजी प्रश्नावलीचा मराठी अनुवाद झाला की चाचणी आपली झाली, हे त्यामागील गृहीतक सदोष आहे.

व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे मराठी व कन्नड रूपांतर करताना केवळ भाषांतरावर भागवले नाही. धारवाड भागातील मुलांची प्रत्यक्ष चाचणी घेऊन त्यांनी मानदंड ठरवले. त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थात ते मानदंडही कालबद्धच होत. पिढीगणिक बुद्धिगुणांक वाढत असल्याचे फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवल्यावर जुने मानदंड जसेच्या तसे वापरण्यास आधार उरत नाही.

उचगावचे उदाहरण घ्यावे. कोल्हापूर शहराला लागून असलेले हे गाव. शेजारी गांधीनगरची बाजारपेठ, जवळच गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत. येथील विद्यार्थ्याने माहितीपत्रकात 'ग्रामीण' की 'शहरी' यापुढे खूण करावी? संशोधक त्याला एका रकान्यात बसवतो आणि पुढे त्याच रकान्यांवर टी-मूल्य काढतो. भाषेचेही तसेच. प्रश्नावलीत 'मी चिंताग्रस्त असतो' असे पुस्तकी विधान असते. घरात मात्र 'जिवाला घोर लागला' म्हणतात.

विश्वसनीयता गुणांक तर अनेकदा मूळ पुस्तिकेतूनच उतरवला जातो. स्वतःच्या नमुन्यावर अल्फा गुणांक काढण्यास संगणकावर काही मिनिटे पुरतात. परंतु परीक्षकही तो क्वचितच मागतात.