‘डेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये डेटा नसतो

लॅबमधल्या संगणकावर उबुंटू नव्याने टाकायचं ठरलं की एक प्रश्न हमखास येतो. "डेटाचा बॅकअप घेतलास ना?" उत्तरही ठरलेलं असतं. "हो, डेटा फोल्डर कॉपी केलाय." पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही हेच उत्तर दिलं होतं. आज त्या उत्तरावर टीका करायची आहे. ते उत्तर इतक्या सहज तोंडी येतं, त्यामागच्या दोन गोष्टींवरही करायची आहे. एक म्हणजे काल्डीची फोल्डरांची मांडणी, आणि दुसरी म्हणजे बॅकअपचा प्रसिद्ध ३-२-१ नियम.

वाक् ओळखीत नवीन असणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. काल्डी हे बोलणं ओळखणारी मॉडेल्स तयार करायचं मुक्त सॉफ्टवेअर. २००९ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका कार्यशाळेत त्याची सुरुवात झाली आणि २०११ साली त्यावरचा मूळ शोधनिबंध आला. (नाव कॉफीच्या दंतकथेतल्या इथिओपियातल्या शेळ्या राखणाऱ्याचं. रात्र रात्र जागवणाऱ्या सॉफ्टवेअरला शोभतं.) आता नवी साधनं बरीच आली, पण काल्डीची मांडणी टिकून आहे. ईएसपीनेटसारखी साधनंही तीच वळणं वापरतात, त्यामुळे तुमची गाठ तिच्याशी पडणारच.

या मांडणीत ‘डेटा’ नावाचा एक फोल्डर असतो. त्यात साध्या मजकुराच्या फाइली असतात. ‘टेक्स्ट’मध्ये कोणत्या वाक्याला कोणते शब्द ते, ‘सेगमेंट्स’मध्ये ते वाक्य रेकॉर्डिंगच्या कितव्या सेकंदाला सुरू होऊन कितव्याला संपतं ते. आणखी एका फाइलीत ते कोणी बोललं ते. आणि ‘वेव्ह-एससीपी’ या फाइलीत ऑडिओ कुठे ठेवलाय त्याचा पत्ता. फक्त पत्ता! आवाज या फोल्डरमध्ये कुठेच नसतो. पत्ताही बहुतेक वेळा मुळापासूनचा पूर्ण पाथ असतो, ज्यात तुमचं युजरनेम आणि तुमच्या डिस्कचं नावही आलं. संगणक नव्याने उभा केला, युजरनेम बदललं, की सगळे पत्ते खोटे पडतात.

ही मांडणी मुळात हुशारीची आहे हे मान्य करायला हवं. ऑडिओ एकदाच ठेवायचा आणि वेगवेगळ्या प्रयोगांसाठी नुसत्या छोट्या याद्या करायच्या, यात जागा वाचते, आणि साध्या मजकुराच्या फाइली कुठल्याही एडिटरमध्ये उघडतात. माझा आक्षेप नावाला आहे. याला ‘याद्या’ म्हटलं असतं तर कुणी फसलं नसतं. ‘डेटा’ म्हटलं की नवख्याला वाटतं, महत्त्वाचं ते सगळं इथेच.

आता माझी फजिती. ती सर्वस्वी माझीच, कारण मॅन्युअलमध्ये सगळं लिहिलेलं होतं. मी कुडाळ आणि सावंतवाडी भागात मालवणी बोलणाऱ्यांची साधारण १० तासांची रेकॉर्डिंग केली होती. ऑडिओ दुसऱ्या पार्टिशनवर होता आणि प्रयोगाच्या फोल्डरमध्ये त्याची नुसती लिंक. ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडला म्हणून रीइन्स्टॉल करायचं ठरलं. मी सगळा प्रयोग फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी केला. एकही एरर नाही. साध्या कॉपीत लिंकची लिंकच जाते, त्यापलीकडची फाइल जात नाही, हे तेव्हा डोक्यात नव्हतं. मग इन्स्टॉलरमध्ये पूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला आणि चहाला गेले.

बहुतेक रेकॉर्डिंग रेकॉर्डरच्या मेमरी कार्डांवरून परत मिळाली. एका कार्डावर मात्र मी पुढच्या दौऱ्यात नवीन रेकॉर्डिंग केलं होतं. १ तास ४० मिनिटं गेली, तीन जणांची. त्यातले दोघे पुन्हा बोलायला तयार झाले. तिसऱ्या एक आजी होत्या. मी परत गेले तेव्हा त्या राहिल्या नव्हत्या.

विचित्र भाग पुढेच आहे. आजींचं प्रत्येक वाक्य माझ्याकडे लिहिलेलं आहे, कुठलं वाक्य कितव्या सेकंदाला तेही आहे. शिवाय एमएफसीसी फीचर्सचा फोल्डर कॉपी झाला होता. म्हणजे दर १० मिलिसेकंदाला १३ आकडे, या हिशोबाने त्यांच्या बोलण्याचा सारांश शिल्लक आहे. पाथ दुरुस्त केल्यावर मॉडेल त्यांच्या वाक्यांवर मजेत शिकलं आणि त्रुटीचा दर जवळपास तोच आला. पण त्या आकड्यांतून आवाज परत बनवता येत नाही, कारण स्वराची उंची, सूर हे त्या गणितात जाणूनबुजून गाळलेलं असतं. पुढे मी वेव्ह-टू-वेक २.० कडे वळले. २०२० साली आलेली ही पद्धत थेट कच्चा ऑडिओ मागते. तिथे आजींची वाक्यं घेताच आली नाहीत. फीचर्स जपणं म्हणजे त्या वर्षीच्या मॉडेलच्या सोयीचं तेवढं जपणं.

मग मी ३-२-१ नियमाकडे गेले. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. हा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रुळवला. छायाचित्रकाराचा नियम आहे हे कळल्यावर मला त्याची मर्यादा कळली. फोटोची फाइल एकटीच पुरी असते. आपल्या कामात आवाज, मजकूर, वेळ आणि बोलणारा ही चार टोकं एकमेकांना बांधलेली असतात, आणि एक सुटलं की बाकी तिन्हींच्या कितीही प्रती काढा, उपयोग नाही. नियम प्रती किती ते सांगतो, कशाच्या ते सांगत नाही. मी तो काटेकोर पाळला असता तर माझ्याकडे तुटलेल्या लिंकच्या तीन प्रती असत्या.

कशाच्या, हे ठरवताना एक हिशोब करून बघा. १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, एका चॅनेलचा ऑडिओ सेकंदाला ३२,००० बाइट घेतो, म्हणजे तासाला सुमारे ११५ एमबी. १० तासांचे सव्वा जीबीसुद्धा होत नाहीत, कुठल्याही पेन ड्राइव्हवर मावतील. आणि त्या १० तासांचं लेखन? देवनागरी अक्षराला यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट धरले तरी दीड-दोन एमबी. मला एका तासाच्या रेकॉर्डिंगच्या लेखनाला आठ-नऊ तास लागत. म्हणजे महिनाभराचं काम मोबाइलच्या एका फोटोएवढ्या जागेत बसतं, आणि आपण घाबरून कॉपी करतो ते काय, तर ट्रेनिंगचे निकाल असलेला ‘ईएक्सपी’ फोल्डर. तो सगळ्यात मोठा असतो आणि बाकीचं शाबूत असेल तर बराचसा पुन्हा तयार होतो.

जागा वाचवायला ऑडिओ एमपी३ करू नका. त्यात तपशील जातो हे एक, शिवाय सुरुवातीला काही मिलिसेकंदांची भर पडते आणि ‘सेगमेंट्स’मधल्या वेळा सरकतात. फ्लॅक वापरा, त्यात एकही नमुना हरवत नाही. बाहेरून उतरवलेला डेटा, उदाहरणार्थ कॉमन व्हॉइसचा मराठी संच, जपला नाही तरी चालेल असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. प्रत्येक आवृत्तीत ट्रेन आणि टेस्टची विभागणी नव्याने होते. आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवला नसेल तर तुमचा जुना निकाल पुन्हा काढता येणार नाही.

रीइन्स्टॉलनंतर मला आणखी एक गोष्ट छळत होती, जी कुठल्याच बॅकअपच्या यादीत नसते. माझा कीबोर्ड बदलला. ‘वाऱ्यावर’मधला ऱ्या दोन प्रकारे साठवता येतो. एकतर नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, नाहीतर साधा र, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडखूण. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. जुन्या शब्दकोशात एक आणि नव्या लेखनात दुसरा आल्यामुळे ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ हे सगळे शब्द मॉडेलला अनोळखी झाले. दोन दिवस मी उच्चारांना दोष देत होते! आता कीबोर्डचं नाव आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या एका फाइलीत लिहून ती ऑडिओशेजारी ठेवते.

फुकट क्लाउडवर सगळं टाकावं का, असं ज्युनियर विचारतात. आवाज, वय आणि गाव एकत्र असेल तर माणूस ओळखू येतो. संमतीपत्रात तुम्ही काय लिहून दिलंय ते आधी वाचा. माझ्याकडे बोलणाऱ्यांची यादी वेगळी आणि कुलूपबंद असते, बाकी ठिकाणी फक्त क्रमांक.

मागच्या आठवड्यात लॅबमधल्या एकीला रीइन्स्टॉल करायचं होतं. तिने बॅकअप दुसऱ्याच संगणकाला जोडला, तिथे पाथ बदलून २० वाक्यं कुठूनही निवडली आणि हेडफोन लावून मजकुराशी ताडून बघत बसली. सतरावं वाक्य वाजलं नाही. तिचं इन्स्टॉलेशन अजून झालेलं नाही, ती फाइल शोधतेय.