‘ऑनेस्ट’ या शब्दाची अर्थव्याप्ती आणि ‘ऑथेल्लो’तील प्रमाणविचार

पदवी वर्गात शेक्सपिअरचे नाटक शिकविताना कठीण शब्दांची अडचण वाटते तेवढी मोठी नसते. त्यांच्यासाठी टीपा असतात, कोश असतात आणि विद्यार्थ्यांच्या हाती गाइडही असते. खरी अडचण येते ती विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असलेल्या शब्दांची. आपल्याला येतो असे वाटणारा शब्द कोणी कोशात पाहत नाही. ‘ऑनेस्ट’ हा असाच एक शब्द. ‘प्रामाणिक’ हा त्याचा प्रतिशब्द शालेय वयातच पाठ झालेला असतो आणि ‘ऑथेल्लो’ वाचतानाही तोच पुढे चालविला जातो. प्रस्तुत लेखात या एका शब्दाच्या विविध अर्थांचा, आणि त्या अर्थांवर या नाटकाची शोकांतिका कशी उभी आहे याचा, विचार करावयाचा आहे.

‘ऑनेस्ट’चे मूळ लॅटिनमधील ‘होनेस्टस’ या शब्दात असून त्याचा संबंध ‘होनोस’ म्हणजे सन्मान या शब्दाशी आहे. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा मुख्य अर्थ ‘प्रतिष्ठित’, ‘मान असलेला’ असा होता. खरे बोलणारा, लबाडी न करणारा हा आज प्रधान मानला जाणारा अर्थ पुढे क्रमाने बळावत गेला. दरम्यान स्त्रीच्या संदर्भात तो ‘शीलवती’ या अर्थाने रूढ झाला. एखाद्या स्त्रीला ‘ऑनेस्ट’ करणे म्हणजे संबंध ठेवल्यानंतर तिच्याशी लग्न करणे, हा इंग्रजी वाक्प्रचार त्याचाच अवशेष होय. याखेरीज आणखी एक छटा होती. आपल्यापेक्षा खालच्या दर्जाच्या माणसाला ‘ऑनेस्ट’ म्हणताना बोलणाऱ्याच्या स्वरात कौतुक असे आणि किंचित उपेक्षाही असे. आपण घरच्या जुन्या गड्याविषयी ‘बिचारा फार इमानी आहे’ असे म्हणतो तशी. आज आपले विद्यार्थी मराठी बोलतानाही वाक्याच्या आरंभी सहज ‘ऑनेस्टली’ म्हणतात. तेथे तर या शब्दाला ‘खरं सांगायचं तर’ यापलीकडे काही अर्थच उरलेला नाही.

या शब्दाची सर्वांत कसून झालेली चिकित्सा विल्यम एम्प्सन यांच्या ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स’ (1951) या ग्रंथात आढळते. ‘ऑथेल्लो’त ‘ऑनेस्ट’ आणि ‘ऑनेस्टी’ हे शब्द मिळून 52 वेळा येतात, या मोजणीपासून त्यांच्या विवेचनास प्रारंभ होतो. एम्प्सन यांनी जपानमध्ये आणि चीनमध्ये अध्यापन केले होते, ही बाब आपल्यासारख्या अध्यापकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. परभाषकांच्या वर्गात साधा शब्द समजावून सांगताना जी दमछाक होते, ती त्यांच्या लेखनात जाणवते. त्यांच्या मते इयागोला हा शब्द टोचतो, कारण त्यात वरिष्ठाने कनिष्ठाच्या पाठीवर ठेवलेला हात आहे. पहिल्याच प्रवेशात इयागो निष्ठावंत सेवकांचा उल्लेख याच विशेषणाने आणि पुरेपूर तिरस्काराने करतो. पदोन्नतीत डावलल्या गेलेल्या सैनिकाला ‘इमानी’ म्हणून गौरविणे हा त्याच्या दृष्टीने अपमानच आहे. हे निरीक्षण मार्मिक आहे यात शंका नाही. मात्र एम्प्सन यांची दृष्टी बव्हंशी इयागोवर खिळून राहते. हाच शब्द स्त्रीपात्रांच्या वाट्याला कसा येतो, याला त्यांच्या मांडणीत मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नाटकातील उपयोग क्रमाने पाहिले तर ही विषमता स्पष्ट होते. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो आपली नवपरिणीत पत्नी इयागोच्या हवाली करतो, ती त्याला ‘ऑनेस्ट’ म्हणूनच. दुसऱ्या अंकात पहाऱ्यावरील मारामारीनंतर साक्ष विचारली जाते ती त्यालाच, आणि त्याच विशेषणाने. ज्याची नोकरी त्याने नुकतीच घालविली तो कॅसिओही त्याचा निरोप घेताना हेच विशेषण वापरतो. डेस्डिमोनाही त्याला भला माणूस समजते. म्हणजे इयागोला हा शब्द मागावा लागत नाही. तो त्याच्या नावाला उपाधीसारखा चिकटलेला आहे. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो कॅसिओच्या सचोटीविषयी विचारतो, तेव्हा इयागो उत्तर न देता तोच शब्द प्रश्नासारखा परत फेकतो. शब्द तोच, पण त्याला कीड लागते ती तेथून.

डेस्डिमोनाच्या संदर्भात मात्र हा शब्द कायम प्रश्न, पैज किंवा याचना या रूपातच येतो. चौथ्या अंकात एमिलिया तिच्या शीलाबद्दल आपला आत्मा पणाला लावण्यास तयार होते. ऑथेल्लो ती साक्ष ऐकतो आणि कोणतीही कुंटीण एवढे बोलेलच, असे मनाशी म्हणून फेकून देतो. डेस्डिमोना स्वतः पतीने आपल्याला ‘ऑनेस्ट’ मानावे अशी आशा व्यक्त करते, तेव्हा तिला मिळते ते किळसवाणे उत्तर. पाचव्या अंकात बियांकाही, आपली निंदा करणाऱ्या एमिलियाइतकेच आपले जगणे ‘ऑनेस्ट’ आहे, असे ठणकावते. तिच्याकडे तर कोणी लक्षही देत नाही. पुरुषाला हा शब्द सलामीसारखा मिळतो आणि स्त्रीला तो सिद्ध करावा लागतो.

येथे आपला ‘प्रामाणिक’ हा शब्द, अपुरा असूनही, एक अनपेक्षित वाट उघडून देतो. मूळ संस्कृत अर्थाने प्रामाणिक म्हणजे प्रमाणावर आधारलेला, ज्याचा आधार घ्यावा असा. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत आणि शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे, विश्वासार्ह व्यक्तीचे वचन. ही परिभाषा शेक्सपिअरला अर्थातच ठाऊक नव्हती आणि तशी ओढाताण करण्याचा येथे हेतू नाही. पण तिसऱ्या अंकात ऑथेल्लो इयागोचा गळा धरून डोळ्यांना दिसेल असा पुरावा मागतो, तेव्हा तो प्रत्यक्ष प्रमाणच मागत असतो. इयागो त्याला काय देतो? प्रथम, असे काही दिसणे अशक्य आहे हे पटवून परिस्थितिजन्य तर्कावर आणतो. मग कॅसिओ झोपेत काय बरळला याची स्वतःच रचलेली कथा ऐकवितो. मग रुमालाची गोष्ट सांगतो. तर्काला आधार त्याच्या कथेचा आणि कथेला आधार केवळ त्याच्या शब्दाचा.

चौथ्या अंकात ऑथेल्लो लपून कॅसिओचे हसणे पाहतो आणि बियांकाच्या हातातील रुमालही पाहतो. म्हणजे अखेर त्याला प्रत्यक्ष मिळाले म्हणावे, तर कॅसिओ गेल्यावर तो रुमाल आपलाच होता का, हे तो विचारतो ते इयागोला! डोळ्यांनी पाहिलेले खरे की खोटे हेही आप्तवचनाने ठरावे, इतकी त्या शब्दाची सत्ता वाढलेली आहे. थॉमस रायमर यांनी 1693 मध्ये एका रुमालावरून एवढा गदारोळ म्हणून या नाटकाची थट्टा केली होती. या प्रश्नाकडे त्यांनी लक्ष दिले असते तर रुमाल किती क्षुल्लक आणि शब्द किती भारी, हे त्यांना दिसले असते. ऑथेल्लोला इयागोचा संशय येतच नाही असे नाही. तो क्षणभर येतो. पण इयागो दुखावल्याचे सोंग करून सचोटीचाच निषेध करीत निघू लागताच ऑथेल्लो त्याला थांबवितो. डेस्डिमोनाला अशी सवलत एकदाही मिळत नाही.

मराठीत हे नाटक आणणाऱ्यांपुढे हा शब्द फार आधीपासून उभा आहे. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचा ‘ऑथेल्लो’चा अनुवाद 1867 चा, गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘झुंजारराव’ हे रूपांतर 1890 चे, पुढे वि. वा. शिरवाडकरांनीही ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले. अनुवादकाला सोपी वाट अशी की, इयागोसाठी ‘प्रामाणिक’ किंवा ‘सच्चा’ वापरावा आणि डेस्डिमोनासाठी ‘पतिव्रता’ किंवा ‘शीलवती’. अर्थाच्या दृष्टीने ते चुकीचे नाही. पण मग एकच शब्द दोघांमधून फिरतो आहे, हे प्रेक्षकाच्या कानाला कळत नाही आणि नाटकाची शीरच तुटते. त्यापेक्षा ‘इमान’ हा शब्द अधिक उपयोगी पडेल असे माझे मत आहे. निशाणबरदार इमानी असू शकतो, पत्नी बेइमान ठरविली जाऊ शकते आणि गड्याला इमानी म्हणण्यातली ती वरून खाली पाहणारी नजरही त्यात आहे. बियांकाच्या तोंडी तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटेल, हे मान्य करावे लागते.

या निवडीची खरी परीक्षा शेवटच्या प्रवेशात होते. इयागोच आपला साक्षीदार, हे ऑथेल्लो एमिलियाला सांगतो तेव्हा त्याच्या नावामागे हे विशेषण दोनदा लागते. त्यानंतर सत्य उघडे पडते. हातातील तलवार काढून घेतली गेल्यावर ‘ऑनेस्टी’ संपल्यानंतर ‘ऑनर’ने तरी कशाला उरावे, अशा आशयाचे उद्गार तो काढतो. एकाच लॅटिन मुळातून आलेले हे दोन शब्द इथे प्रथमच समोरासमोर येतात, आणि ‘प्रामाणिकपणा’ व ‘प्रतिष्ठा’ असे प्रतिशब्द घेतले तर ते नाते पुसले जाते. ‘मान’ संस्कृतातला आणि ‘इमान’ अरबीतला. व्युत्पत्तीने त्यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तरी रंगभूमीवर उच्चारले असता, एक दुसऱ्याच्या पोटात असल्यासारखे, ते दोन्ही शब्द प्रेक्षकाला ऐकू येतील.