रिव्हाल्डो आणि जागेचा प्रश्न

रिव्हाल्डो या ब्राझिलियन फुटबॉलपटूची कारकीर्द सांगण्याची एक रीत रूढ झाली आहे. रेसिफेच्या परिसरातील गरीब वस्तीत जन्म, साओ पावलोत नाव, बार्सिलोनात कळस, २००२ मध्ये विश्वचषक आणि मग उतार: मिलान, अथेन्स, ताश्कंद, लुआंडा. शेवटच्या दोन नावांपाशी पोचल्यावर लिहिणाऱ्याचा सूर बहुधा हळहळीचा होतो, कधी चेष्टेचाही. एके काळी जगात सर्वोत्तम ठरलेला खेळाडू उझबेकिस्तानात काय करत होता, असा तो प्रश्न असतो. आपल्या साहित्यव्यवहारालाही ही रीत परकी नाही. लेखकाच्या उत्तरकालीन लेखनाला न वाचताच 'उतरणीचे' म्हणून बाजूला ठेवण्याची सवय आपल्याला आहे.

या कारकिर्दीतला खरा वाद शहरांचा नव्हता, मैदानावरच्या जागेचा होता, असे मला वाटते. तो नीट समजून घेतला की उत्तरार्धातील भटकंतीही वेगळी दिसू लागते. अर्थात ती वेगळी दिसते म्हणून निर्दोष ठरत नाही.

आधी ही जागा कोणती ते पाहू. ब्राझीलमध्ये दहा क्रमांकाचा सदरा हे नुसते अंगावरचे चिन्ह नाही, ते एक काम आहे. आघाडीच्या खेळाडूंच्या किंचित मागे, मधल्या फळीच्या पुढे राहायचे. चेंडू आपल्याकडे येईल असे पाहायचे आणि पुढे काय घडेल ते आपण ठरवायचे. या खेळाडूला बचावाच्या जबाबदारीतून बरीच सूट मिळते आणि त्या बदल्यात संघ त्याच्याकडून सामना फिरवण्याची अपेक्षा ठेवतो. पेले आणि झिको यांच्यामुळे या जागेला ब्राझीलमध्ये वारशाचे वजन आले.

१९७२ मध्ये जन्मलेल्या रिव्हाल्डोचे बालपण कुपोषणात गेले; त्याच्या वाकड्या पायांचे मूळही त्यातच सांगितले जाते. १९८९ मध्ये वडील अपघातात गेले. रेसिफेच्या सांता क्रूझ क्लबाकडून तो १९९२ मध्ये साओ पावलो राज्यातील मोजी मिरिम या छोट्या गावच्या क्लबात आला. प्रशिक्षक ओस्वाल्दो आल्व्हारेझ ऊर्फ वादाओ यांच्या त्या संघाला लोकांनी 'कारोसेल काइपिरा', म्हणजे 'गावरान चक्रीपाळणा' असे नाव दिले होते. १९७४ च्या डच संघाप्रमाणे त्यातले खेळाडू सतत जागा बदलत खेळत, म्हणून हे नाव. म्हणजे रिव्हाल्डोची घडण ज्या संघात झाली तिथे कोणालाच एका कोपऱ्यात बांधून ठेवलेले नव्हते. पुढे तो कोरिन्थियन्सकडे आणि तिथून त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांकडे, पाल्मेरासकडे गेला. १९९४ ची राष्ट्रीय स्पर्धा पाल्मेरासने कोरिन्थियन्सलाच हरवून जिंकली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये उपांत्य फेरीत नायजेरियाने ब्राझीलला ४-३ असे हरवले, तेव्हा चेंडू गमावल्याचा ठपका रिव्हाल्डोवर आला. त्याच वर्षी तो स्पेनमधील देपोर्तिवो ला कोरुन्याकडे गेला, पहिल्याच हंगामात लीगमध्ये २१ गोल केले आणि १९९७ मध्ये बार्सिलोनात दाखल झाला.

बार्सिलोनाचे प्रशिक्षक लुई व्हान गाल डच होते. पण त्यांचा डचपणा चक्रीपाळण्याचा नव्हता. प्रत्येक खेळाडूची जागा आखून दिलेली, आणि रिव्हाल्डोची जागा डावी बगल. १९९९ मध्ये त्याला 'बॅलन डी'ओर' मिळाला, फिफाचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही मिळाला. त्याच सुमारास त्याने सांगून टाकले, की आता आपण डावीकडे खेळणार नाही, मध्ये खेळू. व्हान गाल यांनी त्याला संघाबाहेर बसवले. या भांडणात बहुतेक लेखक रिव्हाल्डोची बाजू घेतात: एकीकडे प्रतिभा, दुसरीकडे हेकेखोर शिस्त. ही मांडणी वाचायला बरी वाटते, परंतु आकडे तिला साथ देत नाहीत. डावीकडे बांधलेला असताना रिव्हाल्डोने लीगमध्ये आधी १९ आणि मग २४ गोल केले, आणि बार्सिलोनाने १९९८ व १९९९ अशी दोन्ही वर्षे विजेतेपद मिळवले. भांडणाच्या हंगामात, १९९९-२००० मध्ये, विजेतेपद गेले ते देपोर्तिवोकडे, रिव्हाल्डोच्याच जुन्या क्लबाकडे. व्हान गाल पायउतार झाले. २०००-०१ मध्ये रिव्हाल्डो अधिक मोकळा खेळला, २३ गोल केले, आणि संघ चौथा आला.

तो चौथा क्रमांकही शेवटच्या दिवशी एकट्या रिव्हाल्डोने खेचून आणलेला होता. १७ जून २००१ रोजी व्हॅलेन्सियाविरुद्ध जिंकले तरच चॅम्पियन्स लीगची दारे उघडणार होती. रिव्हाल्डोने तिन्ही गोल केले. तिसरा अगदी अखेरच्या क्षणांत, गोलाकडे पाठ करून, छातीवर चेंडू घेऊन, हवेत उलटे होत मारलेला. सामना ३-२. हा गोल दाखवून रिव्हाल्डोच्या बाजूचा युक्तिवाद संपवला जातो. माझ्या मते तो दोन्ही बाजूंचा पुरावा आहे. मोकळा सोडलेला रिव्हाल्डो काय करू शकतो हे त्यातून दिसते. तसेच, त्याला मोकळे सोडलेल्या संघाला चौथ्या क्रमांकासाठी अशा चमत्काराची गरज पडली, हेही दिसते.

या प्रश्नाचे पटण्याजोगे उत्तर सापडते ते २००२ च्या विश्वचषकात. प्रशिक्षक स्कोलारी यांनी मागे तीन बचावपटू ठेवले, मध्ये कष्टाळू जोडी ठेवली, बाजूंनी धावायला काफू आणि रोबेर्तो कार्लोस होते, आणि पुढे रोनाल्डो, रोनाल्डिन्हो व रिव्हाल्डो यांना मोकळीक दिली. म्हणजे मोकळेपणाची किंमत इतरांनी मोजायची, हे आधी ठरवून संघ बांधला होता. रिव्हाल्डोने पहिल्या पाच सामन्यांत प्रत्येकी एक गोल केला. अंतिम सामन्यात त्याच्या नावावर गोल नाही. पहिला गोल त्याचा फटका ऑलिव्हर कानच्या हातून निसटला म्हणून रोनाल्डोला मिळाला. दुसऱ्या वेळी क्लेबरसनचा पास त्याने चेंडूला स्पर्शही न करता पायांमधून जाऊ दिला. बचावपटू फसला आणि मागे रोनाल्डो मोकळा उभा होता. ज्या जागेसाठी तो बार्सिलोनात भांडला, त्या जागेवरचे सर्वोत्तम काम चेंडू न खेळण्याचे ठरले. गोलांच्या यादीत या कृतीची नोंद नाही, आणि नुसत्या यादीवर लिहिलेल्या चरित्रांत ती म्हणूनच निसटते.

त्याच स्पर्धेत तुर्कस्तानविरुद्ध घडलेलेही सांगायला हवे. कोपऱ्यावर उभा असताना हाकान युन्सालने मारलेला चेंडू त्याच्या पायाला लागला आणि रिव्हाल्डो तोंड धरून कोसळला. युन्साल बाहेर गेला. नंतर फिफाने रिव्हाल्डोला दंड केला. गरिबीतून आलेल्याची चतुराई म्हणून यावर पांघरूण घालणे हा त्या गरिबीचाच अपमान होईल. ती लबाडी होती.

२००२ च्या उन्हाळ्यात व्हान गाल बार्सिलोनात परतले आणि रिव्हाल्डो करार शिल्लक असताना बाहेर पडला. मिलानमध्ये २००३ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात तो राखीव खेळाडूंत बसून राहिला. मग क्रुझेरोत थोडे दिवस, आणि २००४ पासून ऑलिम्पियाकोस. तिथे संघ त्याच्याभोवती उभा होता. सलग तीन वर्षे ग्रीक लीग जिंकली. एईके अथेन्सनंतर २००८ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, ताश्कंदचा बुन्योदकोर. प्रशिक्षक प्रथम झिको, नंतर खुद्द स्कोलारी. २००९ मध्ये २० गोल करून तो उझबेक लीगमध्ये अव्वल ठरला. मिलानच्या बाकावरून पाहिले तर हा उतार आहे. मैदानावरच्या जागेवरून पाहिले तर बार्सिलोनात नाकारलेले काम त्याला इथे पुन्हा मिळाले होते.

तरीही या वाचनाला एक मर्यादा आहे. बुन्योदकोरमागे झिरोमॅक्स या बड्या कंपनीचा पैसा होता. २०१० मध्ये ती कंपनी कोसळली आणि त्याच वर्षी रिव्हाल्डोही निघाला. लुआंडातील काबुस्कॉर्पशी २०१२ मध्ये झालेला करार थकलेल्या पैशांवरून फिफापर्यंत गेला. येथे झिकोची तुलना उपयोगी पडते. १९९१ मध्ये तो जपानमधील काशिमाच्या कारखान्याच्या संघात गेला, तेव्हा तीही उतरणच मानली गेली असती. पण त्या संघातून काशिमा अँटलर्स उभा राहिला आणि आज क्लबाच्या इतिहासात झिकोचे स्थान संस्थापकासारखे आहे. २०१४ पासून तीन हंगाम तो एफसी गोवाचा प्रशिक्षक होता. फातोर्ड्याच्या प्रेक्षकांना त्याच्याविषयी जो आदर वाटला त्यात जुन्या गोलांइतकाच या बांधणीचाही वाटा असावा. रिव्हाल्डोने ताश्कंदमध्ये गोल आणि चषक ठेवले, संस्था ठेवली नाही. दोष त्याचा एकट्याचा नाही. जिथे पैसा एका कंपनीबरोबर येतो आणि जातो तिथे खेळाडू किती पेरणार?

संस्था उभी करण्याचा प्रयत्न त्याने केला तो मोजी मिरिममध्ये. त्या क्लबाचा तो अध्यक्ष झाला, मधल्या काळात साओ पावलो व साओ काएतानोकडून खेळला, आणि २०१५ मध्ये, ४३ व्या वर्षी, मुलगा रिव्हाल्डिन्होबरोबर एकाच सामन्यात उतरला. माकाएविरुद्धच्या त्या सामन्यात दोघांनीही गोल केले. त्याच वर्षी त्याने अध्यक्षपद सोडले; क्लबाची पुढची वर्षे घसरणीची गेली. वर्तमानपत्रांनी बापलेकांचे गोल छापले, क्लबाचे काय झाले हे फारसे कोणी विचारले नाही. रिव्हाल्डोच्या उत्तरार्धाची परीक्षा करायची तर ती ताश्कंदपेक्षा या गावात अधिक कठोरपणे करावी लागेल. मैदानावर आपली जागा कोणती हे त्याला नेमके ठाऊक होते. त्या जागेभोवती टिकेल असे काही बांधणे हे वेगळे काम होते, आणि ते त्याच्याकडून झाले नाही.